सनस्क्रीन लावूनही अंग पोळतं, तेव्हा नेमकं कुठे चुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत पाण्याकाठी होतात. निघण्याआधी घरी एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावलं होतं. तरी संध्याकाळी कान, मानेची मागची बाजू, खांदे आणि पावलांचा वरचा भाग लालभडक झाला. गाल, कपाळ आणि हात मात्र ठीक राहिले. पत्नीनेही त्याच ट्यूबमधलं सनस्क्रीन लावलं होतं, तिला काही झालं नाही. ट्यूब बनावट असेल का, पुढच्या वेळी एसपीएफ १०० घ्यावं का, आणि आता खांद्यांची साल निघतेय त्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी ट्यूबबद्दल. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून असा पेशंट समोर आला की मी ट्यूब नंतर बघते, आधी लाल झालेल्या जागा आणि त्यांच्या कडा बघते. सनस्क्रीनच निकामी असतं तर उघडं असलेलं सगळं अंग कमीअधिक सारखंच लाल झालं असतं. तुमचे गाल आणि कपाळ वाचले, म्हणजे औषध काम करत होतं. जिथे ते पोचलंच नाही किंवा टिकलं नाही, तिथे तुम्ही पोळलात. कान, मानेची मागची बाजू आणि पावलं या जवळजवळ प्रत्येकाकडून सुटणाऱ्या जागा आहेत. खांद्यांचं कारण थोडं वेगळं असावं. तिथे सनस्क्रीन बहुतेक लागलं होतं, पण दुपारचं ऊन खांद्यांवर सरळ वरून पडतं, आणि टॉवेल, बॅगेचा पट्टा, शर्ट काढणं-घालणं यांनी तिथला थर सगळ्यात आधी पुसला जातो. पाठीवर कधीकधी पाच बोटांचे स्वच्छ पट्टे आणि त्यांच्या मधे लाल जागा दिसतात. सनस्क्रीन कुणी कसं फासलं याचा तो अगदी बोलका पुरावा असतो.

एक शक्यता मात्र तपासा. ट्यूबची मुदत संपली आहे का, ती उन्हात तापलेल्या गाडीत महिनोन् महिने पडून होती का, आतलं क्रीम पाणी आणि गोळे असं वेगळं झालंय का? तसं असेल तर ती टाकून द्या. तसं नसेल तर दोष ट्यूबचा नाही.

आता तो ५० चा आकडा. एसपीएफ म्हणजे किती वेळ उन्हात राहता येईल याचं घड्याळ, असा समज सर्वदूर आहे. उघडी त्वचा दहा मिनिटांत लाल होत असेल तर ५० च्या सनस्क्रीनने पाचशे मिनिटं मिळतील, असा हिशेब लोक करतात आणि आठ तास निर्धास्त राहतात. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. त्वचा लाल व्हायला उघड्यावर किती किरण लागतात आणि सनस्क्रीन लावल्यावर किती, याचं ते गुणोत्तर आहे. एसपीएफ ३० मधून लाली आणणाऱ्या किरणांचा तिसावा भाग, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्त, आत जातो. ५० मधून दोन टक्के. पण ही मोजणी करताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन पसरलेलं असतं. सगळी मेख इथे आहे. घरी आरशासमोर आपण लावतो तेव्हा बहुतेकांचं प्रमाण याच्या निम्मं असतं, अनेकांचं तर जेमतेम चौथाई.

थर पातळ झाला की संरक्षण किती घटतं? काही मोजमापांत घट सरळ प्रमाणात दिसते, काहींत त्याहून जास्त. सरळ प्रमाण धरलं तरी चौथाई थरात ५० चे बारा-तेरा उरतात. वर त्या बारा-तेरामध्ये कान आणि पावलं धरलेलीच नाहीत, तिथे शून्यच आहे.

मग २ मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात किती? प्रौढ माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असतं. त्या हिशेबाने सगळ्या अंगाला एकदा लावायला ३० ते ३५ ग्रॅम लागतात. ५० ग्रॅमची ट्यूब पोहायला जाताना दोनदासुद्धा नीट पुरत नाही. म्हणून पेशंटला मी 'किती लावता' असं विचारत नाही, 'ट्यूब किती दिवस पुरते' असं विचारते. नुसता चेहरा, कान आणि मान यांना रोज एकदा नीट लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दोन-तीन आठवड्यांत संपायला हवी. एक ट्यूब घरातल्या चौघांना अख्खा उन्हाळा पुरत असेल, तर त्या घरात कुणीच पुरेसं सनस्क्रीन लावत नाही.

ग्रॅम मोजत कुणी बसत नाही, त्यामुळे बोटांचं माप वापरा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक भरीव रेघ काढा. या दोन रेघा म्हणजे अंगाच्या अकरा भागांपैकी एका भागाचं माप. डोकं-चेहरा-मान मिळून एक भाग, प्रत्येक हात एक, छाती एक, पोट एक, पाठीचा वरचा अर्धा एक, खालचा अर्धा एक, प्रत्येक मांडी एक, आणि गुडघ्यापासून पावलापर्यंत प्रत्येक पाय एक. एका हाताला दोन रेघा हे पहिल्यांदा फारच जास्त वाटतं. पांढरट दिसतं, चिकट लागतं, आणि इथेच बहुतेक जण अर्धं पुसून टाकतात. तसं करू नका. पाच-दहा मिनिटांत ते बसतं.

याहून सोपा आणि माझ्या मते जास्त खात्रीचा उपाय म्हणजे दोन हात देणं. भिंतीला रंगाचा एकच हात दिला की जुना रंग डोकावत राहतो आणि दुसऱ्या हाताने तो झाकला जातो, तसंच इथे होतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१८ साली हे मोजून पाहिलं. एकदा लावल्यावर लोकांच्या अंगाचा साधारण पाचवा हिस्सा कोराच राहिला होता. दुसऱ्यांदा लावल्यावर तो निम्म्याहून कमी झाला. पहिला थर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पुन्हा डोक्यापासून पावलापर्यंत दुसरा थर द्या. दुसऱ्या वेळी हात मुद्दाम वेगळ्या दिशेने फिरवा. पहिल्यांदा वरून खाली लावलं असेल तर आता आडवं लावा.

आता जागा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

सनस्क्रीन कपडे घालायच्या आधी लावा. कपडे घालून लावलं की हात कपड्याच्या काठापाशी थबकतो. कपडे डागळू नयेत म्हणून बोटभर जागा सोडली जाते, आणि पुढे हालचालीत काठ सरकला की नेमकी तीच पट्टी उन्हात येते. गळ्याभोवती, बाहीच्या कडेला आणि चड्डीच्या खाली दिसणाऱ्या लाल रेघा अशाच तयार होतात. त्वचा कोरडी असू द्या. आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावलं तर थर नीट बसत नाही.

चेहऱ्यावर कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरवतात, त्यात केसांची कड सुटते. कपाळावर केस सुरू होतात तिथपासून कानशिलांवरून खाली कानापर्यंतची पट्टी बोटाने वेगळी लावा. भुवयांच्या आत बोट फिरवा. नाकपुड्यांच्या बाजूची खाच आणि नाकाखालची जागा विसरू नका. डोळ्यांभोवतीचा भाग सगळ्यात जास्त सुटतो. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात २०१७ मध्ये अतिनील किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने लोकांचे चेहरे तपासले, तेव्हा सनस्क्रीन लावूनही चेहऱ्याचा जवळजवळ दहावा भाग कोरा राहिलेला दिसला, आणि त्यात पापण्या आणि डोळ्यांचा नाकाकडचा कोपरा आघाडीवर होते. डोळ्यांत झोंबेल या भीतीने आपण लांब राहतो. पापण्यांची त्वचा अंगावरच्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी एक आहे आणि तिथे त्वचेचे कॅन्सरही होतात. यावर दोन उपाय आहेत. एक, झिंक ऑक्साइडवर आधारलेली सनस्क्रीनची कांडी (स्टिक) डोळे मिटून पापण्यांवर हलकेच फिरवणं. ती घामाने सहसा ओघळत नाही आणि कमी झोंबते. दुसरा, रुंद काडीचा गॉगल. दोन्ही केलं तर उत्तमच.

ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम हवा, आणि तो खाल्ल्या-प्यायल्यावर परत लावावा लागतो. खालचा ओठ वरच्यापेक्षा जास्त ऊन खातो.

कान हा छोटा अवयव असला तरी त्याला पाच बाजू आहेत असं समजून लावा: वरची कड, पुढची वळणं, पाळी, मागची बाजू, आणि कान डोक्याला मिळतो ती खाच. केस लहान असणाऱ्यांचे कान दिवसभर उघडे असतात. तुमचे कान पोळले आणि पत्नीचे वाचले, त्यात तिच्या केसांचा वाटा असू शकतो. मानेसाठी डोकं पुढे झुकवा आणि केसांच्या खालच्या कडेपासून खांद्यापर्यंत दोन्ही हातांनी लावा. हनुवटीखाली आणि गळ्यालाही लावा, कारण ऊन वरूनच येतं असं नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. छत्रीखाली बसूनही माणसं पोळतात याचं एक कारण हेच.

डोक्यावर टक्कल असेल तर तो चेहऱ्याचाच भाग समजा. भांगाच्या रेषेला कांडी लावता येते, पण खरं सांगायचं तर डोक्याला टोपीच बरी.

हातांना लावून झालं की तळवे धुतले जातात, आणि त्याबरोबर हातांच्या मागच्या बाजूचं सनस्क्रीनही जातं. म्हणून हातांची मागची बाजू आणि बोटं सगळ्यात शेवटी करा. काखेची पुढची कड, कोपराची मागची बाजू आणि गुडघ्यांच्या मागची खळगी या जागाही सुटतात. पालथं पडून वाचणाऱ्यांच्या गुडघ्यामागची त्वचा हमखास पोळते, आणि मग चालताना प्रत्येक पावलाला ती आठवण करून देते. पावलांना उभ्याने लावू नका, बसून लावा. घोट्याभोवती, पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांवर आणि चपलेच्या पट्ट्यांखालीही लावा. पट्टा सरकतो.

पाठ स्वतःची स्वतःला जमत नाही. सोबत कुणी असेल तर सांगा, नसेल तर पाठ झाका. अर्धवट लागलेल्या पाठीपेक्षा शर्ट केव्हाही चांगला.

एवढं सगळं नीट करून उन्हात गेलात, तरी दोन तासांनी काम परत सुरू होतं. तुम्ही घरून लावून निघालात आणि चार तास होतात, दुसऱ्यांदा लावल्याचा उल्लेख प्रश्नात नाही. मला वाटतं तुमच्या खांद्यांचा निकाल तिथेच लागला. सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या १५ ते २० मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत लावायचं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर, खूप घाम आल्यावर किंवा टॉवेलने अंग पुसल्यावर दोन तासांची वाट न बघता लगेच लावायचं. बाटलीवर पाण्यात टिकणारं असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ४० किंवा ८० मिनिटं पाण्यात राहून उरलेलं संरक्षण मोजलेलं आहे, एवढाच. टॉवेलने खसाखसा पुसलं की पाण्यात टिकणारा थरही बहुतेक निघून जातो. अंग टिपून घ्या, सुकू द्या, मग लावा. अंगाला वाळू लागली असेल तर आधी ती धुवा.

एक बारकावा अजून आहे. पहिल्यांदा लावल्यावर दोन तास थांबण्यापेक्षा, उन्हात पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच दुसरा थर दिला तर फायदा जास्त होतो, असं ब्रायन डिफी या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिलं आहे. घरी सुटलेल्या जागा त्याने उन्हाच्या सुरुवातीलाच झाकल्या जातात. वर सांगितलेला दुसरा हात तिथे पोचल्यावर दिला तरी चालेल. मात्र पोचल्याबरोबर द्या, जेवण झाल्यावर नाही.

पोळतंय हे अंगाला वेळेवर कळत नाही, म्हणून हे सगळं घड्याळ लावून करावं लागतं. लाली दिसायला तीन ते सहा तास लागतात आणि ती बारा ते चोवीस तासांत सर्वांत जास्त होते. दुपारी दोनला अंग ठीक दिसत होतं याला काही अर्थ नाही, नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं. उन्हाची ऊबही फसवते. ऊब अवरक्त किरणांची असते आणि त्वचा जाळतात अतिनील किरण. वारा सुटला, पाण्याचा गारवा असला, ढग आले की ऊब कमी वाटते, पण विरळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली येतातच. डोंगरावर दर हजार मीटरला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही पृष्ठभागाच्या ४० टक्के तीव्रता उरते, म्हणून पोहताना पाठ गार लागत असली तरी ती भाजत असते.

अंदाजासाठी दोन गोष्टी वापरा. हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिसतो. तो ३ किंवा जास्त असेल तर संरक्षण हवं, ८ च्या वर असेल तर दुपारी उघड्यावर थांबूच नये. ॲप नसेल तर आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर आहे आणि किरण तीव्र आहेत. तुमची दहा ते दोन ही वेळ म्हणजे बहुधा दिवसातली सगळ्यात वाईट वेळ होती.

आता एसपीएफ १०० घ्यावं का? ५० आणि १०० मध्ये काही फरक नाही, हे वाक्य मी अनेकदा ऐकते आणि मला ते पटत नाही. अडवलेल्या किरणांचे ९८ आणि ९९ टक्के शेजारी मांडले की फरक नगण्य वाटतो, पण त्वचेला काय पोचलं ते बघितलं तर एकात दोन टक्के आणि दुसऱ्यात एक टक्का, म्हणजे निम्मं. बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला १०० लावून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५० ची बाजू कितीतरी जास्त लोकांची पोळली. अभ्यास सनस्क्रीन बनवणाऱ्या कंपनीने केलेला होता हे ध्यानात ठेवूनही, त्यातला मुद्दा खरा आहे: आपण पातळ लावतो, आणि मोठा आकडा त्या पातळपणाची थोडी भरपाई करतो. पण न लावलेल्या कानाला १०० चा काय उपयोग? १०० घेऊन तुम्ही निर्धास्त व्हाल आणि परत लावायला विसराल, तर ३० नीट लावणारा माणूस तुमच्यापेक्षा सुरक्षित राहील.

याला भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या नॅम्बोर गावात १९९२ मध्ये सोळाशेहून जास्त रहिवाशांवर चाचणी सुरू झाली. अर्ध्या लोकांनी साडेचार वर्षं चेहरा, मान आणि हातांना रोज सनस्क्रीन लावलं, बाकीच्यांनी मर्जीप्रमाणे. ते सनस्क्रीन एसपीएफ १५ च्या आसपासचं होतं, आजच्या हिशेबाने अगदी साधं. तरी रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल प्रकारचा त्वचेचा कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या वर्षांतल्या पाठपुराव्यात मेलानोमा या त्वचेच्या जास्त घातक कॅन्सरचे रुग्ण त्यांच्यात ११ निघाले, दुसऱ्या गटात २२. साध्या आकड्याने हे साधलं, कारण लोक रोज लावत होते.

विकत घेताना मी तीनच गोष्टी बघायला सांगते: एसपीएफ ३० किंवा जास्त, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असा उल्लेख, आणि पाण्यात किंवा घामात जायचं असेल तर पाण्यात टिकणारं असल्याचा उल्लेख. ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे अतिनील किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए हे दोन्ही प्रकार अडवणारं. ते यासाठी, की एसपीएफ मुख्यतः लाली आणणाऱ्या यूव्हीबी किरणांचं माप आहे. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. ते खिडकीच्या काचेतूनही आत येतात, सुरकुत्या आणि काळे डाग आणतात, आणि त्यांचा मार लाली न येताच बसत राहतो. वांग असणाऱ्यांनी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन वापरावं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो.

पत्नी का वाचली हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तिने जास्त लावलं असेल, परत लावलं असेल, सावलीत बसली असेल, ओढणी खांद्यांवर असेल, किंवा तिच्या त्वचेचा प्रकार वेगळा असेल. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं आणि ते खरोखरच काही संरक्षण देतं, पण गडद काळ्या त्वचेतही ते एसपीएफ १३ च्या आसपासच भरतं. सावळी त्वचा पोळली की लाली अनेकदा दिसत नाही, फक्त गरम, ताठ आणि खाजरी लागते, म्हणून पोळल्याची नोंदच होत नाही. पत्नीला दोन दिवसांनी खांदे काळवंडलेले दिसले का, हे विचारा.

माझ्या क्रमवारीत सनस्क्रीन तिसरं येतं. आधी वेळ आणि सावली, मग कपडे, मग सनस्क्रीन. खांदे आणि पाठ ज्यांची वारंवार पोळते त्यांनी पाण्यात जाताना पूर्ण बाह्यांचा यूपीएफ ५० चा, म्हणजे अतिनील किरण अडवणाऱ्या कापडाचा, शर्ट घालावा. तो पुसला जात नाही आणि दोन तासांनी परत लावावा लागत नाही. साधा पांढरा सुती टी-शर्ट वाटतो तितका कामाचा नाही, आणि भिजल्यावर तर अजून कमी. टोपीला चारही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटरची झालर हवी. पुढेच छज्जा असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते, आणि तुमचं नेमकं तेच पोळलं आहे.

काही छोट्या गोष्टी भराभर सांगते. स्प्रे वाऱ्यात उडून जातो, त्यामुळे तो तळहातावर घेऊन चोळा, आणि चेहऱ्यावर कधीही थेट मारू नका. कांडी असेल तर प्रत्येक जागेवर चार-चार वेळा फिरवा. मेकअपमधल्या एसपीएफवर विसंबू नका, तितक्या जाडीचा मेकअप कुणी लावत नाही. डासांचं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते बसल्यावर मलम. डीट हे डास पळवणारं रसायन असलेल्या मलमाने सनस्क्रीनचा जोर सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, म्हणून अशा वेळी परत लावायचं अंतर कमी ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी सावलीत आणि कपड्यात ठेवा. डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन किंवा रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर त्वचा एरवीपेक्षा लवकर पोळते. तुमचं यातलं काही चालू असेल तर हा सगळा हिशेबच बदलतो, डॉक्टरांना विचारा. मात्र गोळी परस्पर बंद करू नका.

राहिली तुमची निघणारी साल. ती ओढू नका. सुटलेली पापुद्र्यासारखी कड फार टोचत असेल तर कात्रीने कापा, पण चिकटलेली त्वचा खेचलीत तर खालची कच्ची त्वचा उघडी पडते आणि तिथे डाग राहू शकतो. कोमट किंवा गार पाण्याने आंघोळ करा, स्क्रब किंवा घासणी नको, आणि अंग किंचित ओलसर असतानाच सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा लावा. पहिल्या दिवशी आग होत असताना गार पाण्याच्या पट्ट्या आणि चालत असेल तर आयब्युप्रोफेनची गोळी उपयोगी पडते, आता त्या टप्प्यातून तुम्ही पुढे आला आहात. बर्फ थेट लावू नका. बेंझोकेनसारखी बधिर करणारी मलमं टाळा, त्यांची ॲलर्जी येऊ शकते. फोड आले असतील तर फोडू नका. नवी त्वचा काही आठवडे फार नाजूक असते, तोवर खांदे उन्हात उघडे टाकू नका, सनस्क्रीन लावूनसुद्धा नाही. मोठे फोड, ताप, थंडी वाजणं, उलट्या, चक्कर, किंवा लाली पसरून पू दिसणं यांपैकी काही झालं तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लहान मूल असेल तर एवढीही वाट बघू नका.